सुपरचार्जरची शीळ आणि ती मोठी कशी करावी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरला देवास नाक्याजवळच्या आमच्या छोट्या वर्कशॉपमध्ये सुपरचार्जरच्या गाड्या महिन्याला जेमतेम दोन-तीन येतात, प्रश्न मात्र रोज येतात. कुणी सेकंडहँड मर्सिडीज कॉम्प्रेसर (सुपरचार्जरला मर्सिडीजने दिलेलं नाव) घेतलेली असते, कुणी व्हिडिओत डॉजची हेलकॅट ऐकलेली असते, कुणाच्या शेजाऱ्याने कावासाकीची सुपरचार्जरवाली बाइक आणलेली असते. त्याआधी पंधरा वर्षं मी पीथमपूरला औद्योगिक ब्लोअरची दुरुस्ती केली, त्यामुळे हा आवाज माझ्या कानात मुरलेला आहे आणि मला तो मनापासून आवडतो. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

१. सुपरचार्जर म्हणजे नेमकं काय? टर्बोपेक्षा त्याचा आवाज वेगळा का येतो?

दोघांचं काम एकच: इंजिनात जास्त हवा कोंबणं. टर्बो सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम धुरावर फिरतो, तर सुपरचार्जर इंजिनच्याच पट्ट्यावर किंवा गिअरवर. आवाजातला फरक इथूनच सुरू होतो. टर्बोचं चाक मिनिटाला लाख-दीड लाख फेरे घेतं आणि त्याचा वेग धुराच्या जोरावर अवलंबून असतो, म्हणून त्याची बारीक शिट्टी मागाहून येते. सुपरचार्जर इंजिनला बांधलेला असतो. तुम्ही रेस दिली की त्याच क्षणी त्याचा सूर चढतो, सोडली की उतरतो. गाणं ऐकणाऱ्यांना एका शब्दात सांगायचं तर ती मींड आहे. इंजिन ३,००० वरून ६,००० आरपीएमला (मिनिटाचे फेरे) गेलं की सूर बरोबर एक सप्तक वर गेलेला असतो, मध्ये कुठेही न तुटता.

२. ही शीळ येते कुठून? पट्ट्याची असते का?

नाही. पट्टा ओरडत असेल तर तो बिघाड आहे (प्रश्न ११ पाहा). शीळ हवेची असते आणि थोडी गिअरची. ती कशी तयार होते हे कळलं की पुढचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात, म्हणून इथे जरा थांबतो.

सुपरचार्जर मुख्यतः तीन प्रकारचे. पहिला रूट्स. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या कॉनर्सव्हिल गावी फिलँडर आणि फ्रान्सिस रूट्स या भावांची लोकरीची गिरणी होती. गिरणीच्या पाणचक्कीला पर्याय शोधता शोधता त्यांच्या हाती हे यंत्र लागलं आणि १८६० मध्ये त्यांनी पेटंट घेतलं. मोटारगाडी तेव्हा जन्मालाही यायची होती. हुकुमचंद आणि मालवा या कापड गिरण्यांच्या भोंग्यांवर एकेकाळी घड्याळ लावणाऱ्या आपल्या गावाला हा धागा जवळचा वाटावा. त्यांचे ब्लोअर आधी भट्ट्यांना आणि खाणींना हवा पुरवायला लागले. गाडीत ते रुळले १९२१ मध्ये मर्सिडीजने विक्रीच्या गाड्यांत बसवल्यापासून.

रूट्समध्ये पाकळ्या असलेले दोन रोटर (फिरणारे दंड) एकमेकांत गुंतून उलट दिशांना फिरतात. हवा आत दाबली जात नाही, पाकळ्यांच्या खोबणीत भरून नुसती पुढे ढकलली जाते. पुढे मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा वाटून देणाऱ्या नळ्यांत) मात्र आधीच दाब असतो. त्यामुळे खोबण त्या बाजूला उघडली की दाबाची हवा उलटी आत घुसते आणि एक धक्का बसतो. असे सेकंदाला शेकडो धक्के कानाला सलग सूर म्हणून ऐकू येतात. हिशोब सोपा आहे. समजा क्रँकची पुली १४० मिमी आणि सुपरचार्जरची ७० मिमी आहे, म्हणजे सुपरचार्जर इंजिनच्या दुप्पट फिरतो. इंजिन ३,००० आरपीएमला असताना रोटर ६,००० ला, म्हणजे सेकंदाला १०० फेरे. तीन पाकळ्यांचे दोन रोटर मिळून फेऱ्याला सहा धक्के. ६०० हर्ट्झ.

दुसरा प्रकार स्क्रूचा. त्याला आजचं रूप दिलं स्वीडनच्या आल्फ लिशोल्म यांनी १९३० च्या दशकात. यात हवा आतच दाबली जाते. मात्र आतला दाब आणि बाहेरचा दाब जुळला नाही की तोंड उघडताना धक्का बसतोच, आणि त्याचा सूर जास्त धारदार असतो. हेलकॅटची प्रसिद्ध किंकाळी हीच: ६.२ लिटरच्या व्ही-८ वर २.४ लिटरचा स्क्रू सुपरचार्जर, १४,६०० आरपीएमपर्यंत फिरणारा.

तिसरा सेंट्रिफ्युगल. टर्बोसारखंच चाक, पण पट्ट्यावर आणि मध्ये वेग वाढवणारे गिअर. इथे सुरात मोठा वाटा गिअरच्या दात्यांचा असतो. सरळ दात्यांचे गिअर खणखणीत वाजतात, तिरप्या दात्यांचे गिअर गुपचूप चालतात.

३. माझ्या सी २०० कॉम्प्रेसरमध्ये शीळ ऐकूच येत नाही. सुपरचार्जर बंद पडलाय का?

बहुतेक नाही. मर्सिडीजच्या इंजिनिअरांनी ती दाबण्यासाठी मेहनत घेतली होती: बंद फिल्टर बॉक्स, वाटेत आवाज गिळणाऱ्या पोकळ्या, वरून जाड कव्हर. शिवाय सावकाश चालवताना बायपास व्हॉल्व्ह उघडा असतो. हवा सुपरचार्जरभोवतीच गोल फिरते, दाब तयार होत नाही, म्हणून धक्काही नाही आणि सूरही नाही. राजवाड्याच्या गर्दीत दुसऱ्या गिअरमध्ये रांगताना तो कधीच ऐकू येणार नाही. रिकाम्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये २,५०० पासून अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून पाहा. तिथेही शांतता आणि सोबत पिकअपही मेलेला असेल तर बायपास व्हॉल्व्ह उघडा अडकला आहे का, दाबाचा पाइप फाटला आहे का, हे तपासा.

४. आवाज वाढवायचा आहे. सगळ्यात आधी काय करू?

सायलेन्सर शांत करा.

हे ऐकून लोक माझ्याकडे बघत राहतात, पण मी पूर्ण गांभीर्याने सांगतो. शीळ गाडीच्या पुढच्या तोंडातून, म्हणजे हवा आत घेणाऱ्या वाटेने बाहेर पडते. मागून फाडफाड करणारा सायलेन्सर लावला असेल तर तो तिला गिळून टाकतो. गेल्या वर्षी लोकमान्य नगरातला एक मुलगा आला. आधीच्या मालकाने सायलेन्सरच्या जागी सरळ पाइप ठोकलेला होता आणि याला शीळ मोठी करून हवी होती. आम्ही कंपनीचा मूळ सायलेन्सर शोधून परत बसवला, बाकी कशालाही हात लावला नाही. गाडी बायपास रस्त्यावर नेली. काचा खाली, तिसरा गिअर, त्याने पाय दाबला. सूर चढत गेला तसा त्याचा स्टिअरिंगवरचा हात सैल झाला आणि तो म्हणाला, "काका, ही आत होती?" होती. झाकली गेली होती.

त्यानंतर हवेची वाट. फिल्टरपासून सुपरचार्जरपर्यंतच्या पाइपवर बहुतेक गाड्यांत एक-दोन बंद डबे चिकटवलेले दिसतात. ते रेझोनेटर. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की एकच ठरलेला सूर घुमतो ना, त्याच तत्त्वावर हे डबे एक ठरलेला सूर गिळतात, आणि तो सूर अर्थातच सुपरचार्जरचा असतो. डबा काढून ते तोंड नीट, हवाबंद बुजवलं की फरक लगेच कळतो. खर्च जवळजवळ नाही आणि डबा परत लावता येतो. मूळ भाग फेकू नका, नाव लिहून पिशवीत ठेवा.

तिसरी पायरी उघडा कोन फिल्टर, म्हणजे बंद डब्याविना बसणारा शंकूच्या आकाराचा फिल्टर. सगळ्यात जास्त आवाज तोच वाढवतो, पण त्याला अटी आहेत.

५. उघडा कोन फिल्टर आपल्याकडच्या धुळीत आणि पावसात चालेल का?

चालेल, पण लावून विसरून जाता येणार नाही. माझी स्वतःची कॉम्प्रेसर होती तेव्हा मी घाईने हलक्या दर्जाचा फोमचा कोन लावला. एप्रिल होता. त्या उन्हाळ्यात काम चालू असलेल्या रस्त्यांवरून उज्जैनकडे खूप जाणंयेणं झालं. आवाज आठवड्यागणिक वाढतोय असं वाटत होतं आणि मी खूश होतो. ऑगस्टमध्ये पाइप काढून सुपरचार्जरच्या तोंडात बोट फिरवलं तर बोटावर मैद्यासारखी राखाडी भुकटी आली. टॉर्च मारली, रोटरच्या पाकळ्यांवरची कोटिंग पट्ट्यापट्ट्याने घासली गेली होती. रोटर आणि घर यांच्यातली फट केसाएवढी असते, ती या कोटिंगवरच राखलेली असते. ती गेली की हवा मागे गळते, बूस्ट (सुपरचार्जरने दिलेला वाढीव दाब) पडतो, आणि आवाज मोठा होतो तो खरखरीत. मी जो वाढलेला आवाज आनंदाने ऐकत होतो तो झिजेचा होता.

म्हणून फिल्टर चांगल्या कापडी किंवा कागदी थराचा घ्या आणि दर ५,००० किमीला उघडून पाहा. तेल लावायचा फिल्टर असेल तर तेल अगदी थोडं. जास्तीचं तेल हवा मोजणाऱ्या सेन्सरवर बसलं की गाडी आयडलला (रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना) डचमळते. सेन्सर ज्या पाइपमध्ये आहे त्याचा व्यासही बदलू नका, त्याचा सगळा हिशोब त्या व्यासावर बसवलेला असतो.

आता उष्णता. मे महिन्यात बाहेर ४० अंश आणि बॉनेटखाली ६० असेल तर आतली हवा बाहेरच्यापेक्षा सुमारे ६ टक्के विरळ असते. उघडा फिल्टर तीच हवा ओढतो. आवाज मिळाला, ताकद गेली. फिल्टरभोवती पत्र्याचा आडोसा करून पुढच्या जाळीतून थंड हवेची वाट द्या. आणि फिल्टर बंपरच्या खाली कधीही नेऊ नका, पावसाळ्यात रस्त्यावर साचलेलं पाणी थेट इंजिनात जाईल.

६. छोटी पुली बसवली की आवाज दुप्पट होतो म्हणतात. खरं आहे का?

आवाज दुप्पट होत नाही, सूर वर चढतो. प्रश्न २ मधलंच उदाहरण घेऊ. ७० मिमीऐवजी ६३ मिमीची पुली लावली तर रोटर ११ टक्के जास्त फिरेल, म्हणजे 'सा' होता तिथे जवळपास शुद्ध 'रे' लागेल. वरचे सूर कानाला जास्त टोचतात, आपला कान २,००० ते ४,००० हर्ट्झच्या आसपास सगळ्यात तीक्ष्ण असतो, म्हणून तो मोठा वाटतो.

पण पुली हा आवाजाचा भाग नाही, तो ताकदीचा भाग आहे. बूस्ट वाढतो, हवा जास्त तापते (सायकलचा पंप मारताना खालचं टोक गरम होतं तसंच), इंजिनला पेट्रोल जास्त लागतं. ते न मिळाल्यास पिस्टनवर स्फोट अवेळी होतात. बाहेरून कीटकीट ऐकू येते, आत पिस्टनची कड तुटत असते. पुली बदलायची तर इंधन आणि स्पार्कचं ट्यूनिंग, जास्त ऑक्टेनचं पेट्रोल, योग्य लांबीचा पट्टा आणि रोटरच्या वेगाची कंपनीने दिलेली मर्यादा, हे सगळं एकत्र बघावं लागतं. जुन्या मिनी कूपर एसवर परदेशात १५ टक्के लहान पुली सर्रास लावतात, पण तीही ट्यूनिंगसकट. लेथवर मूळ पुली तासून लहान करू नका. त्या वेगाला तोल गेलेली पुली बेअरिंग खाते. फक्त आवाजासाठी पुली बदलायला मी नकार देतो.

७. बायपास व्हॉल्व्ह कायमचा बंद केला तर शीळ सतत येईल ना?

येईल, आणि सुपरचार्जर आयडललाही हवा दाबत, तापत राहील. पेट्रोल जास्त जाईल, रेस सोडल्यावर गाडी धक्के देईल. करू नका.

८. बॉनेटखालची जाड गादी काढली तर?

बाहेर उभ्या असलेल्याला थोडा फरक कळेल, आत बसलेल्याला जवळपास नाही. त्या बदल्यात बॉनेटचा रंग तापून खराब होतो. आतून ऐकायचं असेल तर फिल्टर बॉक्सपासून डॅशबोर्डमागच्या पत्र्यापर्यंत पडदा लावलेली एक नळी नेणं हा चांगला मार्ग आहे. काही कंपन्या मूळ गाडीतच ती देतात. हवा केबिनमध्ये येत नाही, कंप येतो.

९. सायलेन्सरमध्ये घालायची शिट्टी आणि ऑनलाइन मिळणारा 'इलेक्ट्रिक सुपरचार्जर' कसा आहे?

शिट्टी धुराच्या जोरावर वाजते, सुपरचार्जरशी तिचा काहीही संबंध नाही. तो पत्र्याचा तुकडा सैल होऊन मागच्या दुचाकीस्वारावर उडू शकतो. एवढं एक कारण मला पुरेसं आहे.

ऑनलाइन मिळणारा 'इलेक्ट्रिक सुपरचार्जर' म्हणजे हवेच्या वाटेत बसवायचा छोटा पंखा. त्याचा हिशोब करू. १.२ लिटरचं इंजिन ६,००० आरपीएमला मिनिटाला सुमारे ३,६०० लिटर हवा ओढतं, सेकंदाला ६० लिटर. कंप्युटरच्या पंख्याएवढी मोटर दाब तर देतच नाही, उलट हवेच्या वाटेत अडसर होऊन बसते. खरे इलेक्ट्रिक कॉम्प्रेसर असतात. २०१६ च्या ऑडी एसक्यू७ मध्ये होता, पण त्यासाठी ४८ व्होल्टची वेगळी यंत्रणा लागते.

१०. कावासाकीची निंजा एच२ बाइक रेस सोडल्यावर चिमण्यांसारखी चिवचिवते. तो सुपरचार्जरच ना? मोठा करता येईल?

हो, आणि मला तो या सगळ्या आवाजांत लाडका आहे. ९९८ सीसीच्या इंजिनवर ६९ मिमीचं चाक, गिअरमधून क्रँकच्या ९.२ पट वेगाने फिरणारं. इंजिन १४,००० ला असताना चाक १,३०,००० च्या आसपास! रेस अचानक सोडली की थ्रॉटल मिटतो, दाबलेल्या हवेला पुढे जायला जागा नसते, ती चाकाच्या पात्यांवरून तुकड्यातुकड्याने मागे फिरते. तीच चिवचिव. ती बाहेर पडते डावीकडच्या हवेच्या तोंडातून, त्यामुळे नियम तोच: सायलेन्सर मूळचा ठेवा, ती आपोआप पुढे येईल. दाब सोडणाऱ्या व्हॉल्व्हशी खेळू नका.

११. चांगली शीळ आणि बिघाडाचा आवाज यांत फरक कसा ओळखू?

कसोटी एकच. चांगला सूर आरपीएमबरोबर सरळ चढतो, उतरतो, आणि गुळगुळीत असतो.

आयडलला डब्यात गोट्या खुळखुळल्यासारखा आवाज येत असेल आणि रेस दिल्यावर तो जात असेल, तर पुलीच्या शाफ्टमागचा कपलर झिजला आहे. स्वस्त भाग आहे, वेळेवर बदला. घरघर वाढत जात असेल, पिठाच्या गिरणीसारखी, तर बेअरिंग. कर्कश किंचाळी रेस देताच येऊन लगेच विरत असेल तर पट्टा घसरतोय. पट्टा घसरला की सूर मध्येच अडकतो, इंजिन वर जातं आणि शीळ तिथेच राहते.

गिअरच्या बाजूला बहुतेक सुपरचार्जरचं स्वतःचं वेगळं तेल असतं, इंजिन ऑइलपेक्षा निराळं. "आयुष्यभर बदलावं लागत नाही" असं सांगितलं जातं. पंधरा वर्षांच्या गाडीतून मी ते काढलं तेव्हा काळं, मासळी सडल्यासारख्या वासाचं आणि निम्मंच निघालं. सेकंडहँड गाडी घेतली की आधी ते तपासा.

१२. पोलीस पकडतील का? कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितलं. कलम १८२ अ नुसार अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. कलम १९० (२) ध्वनी आणि हवा प्रदूषणाचं आहे: पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, शिवाय तीन महिने लायसन्स अपात्र. फिल्टर आणि रेझोनेटर मूळ जागी परत लावता येतात. पुली आणि सायलेन्सर बदलणं हा वेगळा, गंभीर मामला आहे. त्यावर वॉरंटी आणि विम्याचा दावाही अडतो.

कायद्यापलीकडचं एक सांगतो. इस्पितळ, शाळा, न्यायालय यांच्याभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र असू शकतं, तिथे रात्रीची मर्यादा ४० डेसिबल आहे. एम. वाय. इस्पितळासमोरून जाताना पाय हलका ठेवा. आत कुणाचं तरी माणूस झोपलेलं असतं.

१३. स्विफ्टला सुपरचार्जर बसवून मिळेल का? आवाज फार आवडतो.

नाही. आवाजासाठी तर नाहीच. पिस्टन, कॉम्प्रेशन, इंधन, कूलिंग, सगळं बदलावं लागेल, आणि कायदा प्रश्न १२ मध्ये आहेच. त्या पैशांत सुपरचार्जर असलेली जुनी गाडी बघा.

१४. उलटा प्रश्न: वडिलांना माझ्या गाडीच्या शिळेने डोकं दुखतं. कमी कशी करू?

विचारलंत हे फार बरं केलंत. रेझोनेटर आणि बंद बॉक्स परत लावा. फिल्टर बॉक्सच्या झाकणाचं रबर कडक झालं असेल तर बदला, तिथल्या बारीक फटीतूनही शीळ निसटते. पत्र्यातून तारा आणि पाइप आत येतात त्या भोकांचे रबरी बूच तपासा. एवढं करूनही सूर टोचत असेल तर प्रश्न ११ वाचा, बहुधा तो निरोगी नाही.

१५. आवाज रेकॉर्ड करून पाठवतो. ऐकून सांगाल का?

जरूर पाठवा, पण नीट रेकॉर्ड करा. फोन हातात धरू नका. मागच्या सीटवर टॉवेलमध्ये ठेवा किंवा सोबत बसलेल्याकडे द्या. काचा बंद, एसी आणि पंखा बंद. तिसरा गिअर, २,००० पासून ४,५०० पर्यंत पूर्ण रेस, मग पाय एकदम काढा. हे रिकाम्या रस्त्यावर, दिवसा, वेगमर्यादेत. आधी ३० सेकंद आयडलचं रेकॉर्डिंग असू द्या, कपलरचा खुळखुळाट तिथेच सापडतो.

फोनमधल्या डेसिबल अॅपचा आकडा पाठवू नका, प्रत्येक फोनचा माइक वेगळा असतो. बदल करण्याआधी आणि नंतर एकाच फोनने, एकाच जागी ठेवून घेतलं तर तुलना होते. साधारण १० डेसिबल वाढले की कानाला आवाज दुप्पट वाटतो. त्यापेक्षा स्पेक्ट्रम दाखवणारं अॅप घ्या. त्यात शीळ वर चढणाऱ्या एका ठळक रेघेसारखी दिसते. सोबत दोन्ही पुल्यांचा व्यास मिमीमध्ये आणि रोटरच्या पाकळ्यांची संख्या लिहा. रेघ हिशोबाच्या आकड्यावर बसली की तो सुपरचार्जर, नाही बसली की आवाज दुसऱ्याच कशाचा तरी आहे. मागच्याच महिन्यात एकाची 'शीळ' अल्टरनेटरच्या बेअरिंगची निघाली.